टोकाला बांधलेल्या चिंध्या

राखीच्या प्रबंधाचं नाव इतकं लांबलचक होतं की अख्ख्या कारधा गावात ते न अडखळता म्हणणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे खुद्द राखी. 'अभिजात क्षेत्र सिद्धांतातील बद्ध अवस्थांची सोपी प्रतिमाने'. घ्या! तिची आई रुखमिणीबाई त्याला सरळ 'खेळणं' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तीच नेमकं बोलायची. कारण अंगणात धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी दोन खांबांमध्ये जे ताणून बांधलं होतं ते खेळणंच होतं. सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी, तिच्यात ओळीनं खोचलेल्या चाकाच्या ऐंशी तारा, आणि प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला एक नट. तारा आणि नट यादोरावच्या सायकल दुकानातले, खांब राखीच्या बाबांनी, लक्ष्मणरावांनी, रोवून दिलेले.

त्याचं काम असं. मधल्या वीस तारा हातांनी उचलून उलट्या उभ्या करायच्या आणि सोडून द्यायच्या. पट्टीत दोन पीळ पडतात, एक सुलटा आणि एक उलटा. हे दोघे एकमेकांना ओढतात. जवळ येतात, एकमेकांतून पार होतात, दूर पळायला बघतात, पण पुरेसा जोर नसतो म्हणून पुन्हा ओढले जातात. तारा वर, तारा खाली. सुटायचं म्हटलं तरी सुटता येत नाही, हीच ती बद्ध अवस्था. बाकीचे चारशे समीकरणांचे कागद याच झोक्याभोवती गुंडाळलेले.

खेळण्याला हवा अडवते, पट्टी घासते, त्यामुळे अंगणातली जोडी अठ्ठावन्न झोक्यांनंतर थांबायची. संगणकात हवा नसते. तिथे राखीची जोडी सहा वर्षांत एकदाही थांबली नव्हती. एका विशिष्ट प्रकारच्या क्षेत्रात, म्हणजे लाटा पसरण्याच्या जागेत, अशी जोडी कायमची टिकते, हा तिचा शोध. तो तिच्या आणि तिचे मार्गदर्शक वासुदेवराव सरांच्या नावानं छापूनही आला होता. उद्या अकरा वाजता भंडाऱ्याच्या कॉलेजात सगळ्यांसमोर व्हायवा, आणि डिग्री हाती पडली की सोमवारी तुमसरला पक्क्या जागेची मुलाखत. तेहतीस वर्षांची बाई, तासिका तत्त्वावर शिकवणारी, दर मार्चमध्ये जिची नोकरी संपते आणि जुलैत पुन्हा हात जोडून मागावी लागते. तिच्यासाठी उद्याचा दिवस काय होता ते वेगळं सांगायला नको.

सकाळचे दहा वाजले होते. राखीनं बाबांना समोर बसवून तालीम घेतली. तारा उचलल्या, सोडल्या, आणि मोजू लागली. चाळीसपर्यंत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबा मधे बघतच नाहीयेत. ते उठून पार टोकाच्या खांबाजवळ जाऊन उकिडवे बसले होते.

"बाबा, तिकडे काय पाहून राहिले? खेळ त इथं हाय."

"थांब ना वो." लक्ष्मणरावांनी बोट पुढे केलं. "हे लहान लहान लाटा मधातून निघून इथं येतेत. खांबाले लागतेत न वापस जातेत. पाय, गेली एक. गेली आन् त्या दोघायले धक्का देल्ला."

"असू द्या ना. बारीक हाय ते."

"बारीक त बारीक. पण निघून त राहिली ना त्यायच्यातूनच?" बाबा खांबावर हात ठेवून विचार करत राहिले. चाळीस वर्षं धान केलेला माणूस, पाणी कुठून कुठं जातं हे त्याला झोपेतही दिसतं. "मंग राखी, हे दोघं आपल्या भरवशावर टिकून राहिले का या खांबाच्या? धुरा फोडला त बांधीत पानी किती वेळ राहीन?"

राखीला हसू आलं. मग हसू तोंडावरच राहिलं आणि तिची नजर टोकाच्या खांबाकडे गेली.

आता ही चूक तिनं केली कशी, हे ऐकून घ्या. दुसऱ्या कोणाकडून ती झालीच नसती. एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा प्रोग्राम लिहिला, तेव्हा क्षेत्राला शेवट कुठंतरी द्यावा लागतो म्हणून तिनं दोन्ही बाजूंना घट्ट भिंती घातल्या. विचारसुद्धा केला नाही. धानाच्या गावची पोर! बांधीला धुरा म्हणजे बांध हवा, तलावाला पाळ हवी, पाणी आत राहिलं पाहिजे, हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. पाणी मोकळं सोडून देणारा माणूस आमच्याकडे वेडा ठरतो. वासुदेवराव सरही पलीकडच्याच गावचे, धानातच वाढलेले. गुरूनं पाहिलं, शिष्येनं पाहिलं, दोघांनाही ते इतकं बरोबर वाटलं की एक्केचाळिसाव्या पानावर एका ओळीत ते उरकून टाकलं गेलं. सहा वर्षं.

राखीनं घरात जाऊन बाबांचं जुनं धोतर फाडलं. चिंध्या ओल्या केल्या आणि दोन्ही टोकांच्या दहा-दहा तारांवर टांगल्या. आता लहानशी लाट टोकाला आली की चिंध्यांत जिरायची, परत यायची नाही. म्हणजे टोक नसल्यासारखंच. तिनं मधल्या तारा उचलल्या. डिसेंबरच्या उन्हात त्या सोडल्या आणि मोजू लागली.

तेवीस झोके. जोडी मेली.

पुन्हा. बावीस.

पुन्हा. तेवीस.

"आंगावरून वारं गेल्यावानी काहून दिसून राहिली?" रुखमिणीबाईनं सुपातलं धान खाली ठेवत विचारलं. "चहा पेतं का?"

राखीनं नुसती मान हलवली. ती आत गेली, लॅपटॉप उघडला, प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलल्या. भिंती काढल्या, लाटेला बाहेर जायला वाट दिली. मग बसून राहिली. दुपारी दोनपर्यंत जोडी झकास झुलत होती आणि राखी मनातल्या मनात गावातल्या सगळ्या देवांना नावानं हाका मारत होती. तीनला झोके आखूड झाले. पाचच्या सुमारास पडद्यावर एक सपाट रेघ उरली. कायमची टिकणारी जोडी, आणि काय झालं तिचं? स्वतःच्याच गळतीनं संपली. इतकी वर्षं ती जगली होती ती भिंतींनी परत ढकललेल्या लाटांवर.

राखीला भीती वाटली. छापलेला लेख खोटा. प्रबंध खोटा. सोमवार गेला. तासिकेवरचं कॉलेजही 'हिचाच प्रबंध फसला ना?' म्हणून जुलैत दार लावणार. आणि पुण्याच्या परीक्षक मॅडमनी उद्या नेमकं तेच विचारलं तर? आणि नाहीच विचारलं तर? या दुसऱ्या प्रश्नानं ती पहिल्यापेक्षा जास्त घाबरली. तिनं सरांना फोन लावला.

"सर, भिंती काढल्या तर टिकत नाही. मी आत्ताच पाहिलं."

पलीकडून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, सरांच्या घरची.

"सर?"

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही. बाबांना माहीत आहे."

"हं." वासुदेवराव सर कधी ओरडणारे नव्हते, आजही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हे बघ राखी, उद्या मधलं दाखव. टोकाकडं कोणी बघत नाही. सही होऊ दे. पुढचं पुढं पाहू."

"पण सर..."

"मी या महिन्याअखेर रिटायर होतो आहे, बाळा." फोन ठेवला गेला.

तिच्या अंगावर काटा आला, आणि का आला ते तिला बऱ्याच वेळानं समजलं. सरांनी 'कसं काय?' असं विचारलंच नव्हतं. 'नीट तपासलंस का?' असंही नाही. जे सर स्वल्पविराम चुकला तरी तीनदा तपासायला लावत, त्यांनी एक प्रश्न विचारला नाही.

दिवेलागणीला तिनं खेळणं सोडून एका लांब बांबूला बांधलं. चिंध्या पिशवीत टाकल्या. मग बाहेर काढून खाटेवर ठेवल्या. जेवताना उठून पुन्हा पिशवीत टाकल्या. ताट धुतल्यावर पुन्हा काढल्या आणि या खेपेला थेट ओट्याखाली ढकलून दिल्या. कायले नेऊन राहिली तू ह्या, असं तिनं स्वतःलाच झापलं. बाबा खाटेवर बसून सगळं पाहत होते. त्यांचं ते पाहणं तिला टोचत होतं.

सकाळी ऑटो दारात आला. खेळणं एवढं लांब की दोघं दोन बाजूंनी बाहेर हात काढून धरणार, आणि बाबा चांगला सदरा घालून आधीच ऑटोत बसलेले. "मी येतो. उघडा व्हायवा हाय ना? मंग मी त येणारच." वैनगंगेचा पूल ओलांडताना राखीनं नदीकडे पाहिलं नाही. तिला वाटत होतं की ऑटो बंद पडावा, पुलावर जाम लागावा, मॅडमची रेल्वे वरठी स्टेशनला उशिरा यावी. काही काही झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं वेळेवर चाललं होतं!

कॉलेजच्या हॉलमध्ये तीस-चाळीस लोक होते. परीक्षक मॅडम पुढे, त्यांच्या बाजूला वासुदेवराव सर, दाढी गुळगुळीत, डोळे लाल. राखीनं टेबलावर खेळण्याची चादर काढली आणि ती थबकली. दोन्ही टोकांच्या तारांवर चिंध्या गच्च गुंडाळलेल्या. तारा एकमेकींत अडकू नयेत म्हणून आईनं पहाटे ओट्याखालची ती फडकी काढून हौसेनं बांधून दिली होती आणि वरून चादर गुंडाळली होती. सरांनीही चिंध्या पाहिल्या. त्यांचा चेहरा धुतल्या कपड्यासारखा पांढरा झाला.

राखीनं चिंध्या सोडून बाकावर ठेवल्या आणि पट्टी टेबलावरच्या दोन स्टँडांमध्ये ताणली. गाठ दोनदा चुकली, लोकांना वाटलं परीक्षेची भीती आहे, आणि लोक प्रेमानं हसले. तिनं बोलायला सुरुवात केली. पाठ होतं सगळं, तोंड आपोआप बोलत होतं. मग तारा उचलून सोडल्या. वर, खाली, वर, खाली. मागच्या बाकावरची पोरं मोजू लागली. अठ्ठावन्न! टाळ्या पडल्या.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. "इतकं सोपं प्रतिमान मी पाहिलं नव्हतं. आणि हवा नसती, तर हे कायम चाललं असतं, असंच ना?"

सर टेबलाकडे बघत होते.

"हो," राखी म्हणाली.

झालं! एक अक्षर, आणि आभाळ कोसळलं नाही, कोणी उठून बोट दाखवलं नाही. मॅडमनी पेनचं टोपण काढलं, कागद पुढे ओढला. राखीची नजर मागे गेली. तिसऱ्या रांगेत बाबा बसले होते, टाळ्या न वाजवता. ते रागावलेले नव्हते. त्यांनी फक्त मान खाली घातली होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते, पाचवीत राखी नापास झाली तेव्हा हेडमास्तरांसमोर बसले होते अगदी तसे.

"मॅडम, थांबा."

पेन थांबलं.

"मी खोटं बोलले." ती म्हणाली. "आत्ता बोलले. प्रबंधातलं काल दुपारपर्यंत मला खरंच वाटत होतं." तिनं बाकावरच्या चिंध्या उचलल्या. "एक मिनिट पाणी मिळेल?"

कोणीतरी बाटली दिली. तिनं चिंध्या ओल्या केल्या, दोन्ही टोकांना टांगल्या, पाणी टेबलावरून कोणाच्यातरी वहीवर ओघळलं. तिनं तारा उचलल्या, सोडल्या, आणि या वेळी स्वतः मोठ्यानं मोजलं. अठरा. एकोणीस. वीस. एकेक आकडा तोंडातून दात उपटल्यासारखा निघत होता. तेविसाव्याला तारा खाली लोंबल्या त्या लोंबल्याच.

"भिंती होत्या म्हणून टिकत होतं," राखी म्हणाली. "जोडीचं स्वतःचं बळ तेवढं नाही. संगणकावरही काढून पाहिल्या. हे माझ्या बाबांनी दाखवलं, ते तिकडे बसले आहेत."

सगळे मागे वळले. लक्ष्मणराव एवढे गोंधळले की उठून उभे राहिले.

मॅडमनी पेनचं टोपण परत लावलं. "तुम्ही बोलला नसतात तर मी सही केली असती," त्या म्हणाल्या. "आता करता येणार नाही. हे तुम्हालाही समजतं. सहा महिने घ्या, मोकळ्या टोकांनी सगळं पुन्हा करा. जोडी किती काळ टिकते आणि कशी गळते, तेच लिहा." मग थोड्या मवाळ आवाजात, "तेही काम आहेच की."

म्हणजे सोमवार गेला. ज्याची ती कालपासून धास्ती घेऊन बसली होती ते अखेर झालं, भरदिवसा, चाळीस माणसांदेखत. लोक उठले, काही जण तिच्याशी बोलले, काही टाळून गेले. राखी पाय ओढत बाहेर व्हरांड्यात आली आणि पायरीवर बसली. बाबांनी खेळणं पुन्हा बांबूला बांधून आणलं, भिंतीला टेकवलं आणि ते ऑटो बघायला गेटकडे गेले.

मागून पावलं वाजली. वासुदेवराव सर. राखी झटकन उभी राहिली. आता बोलतील. बोलायलाच हवं, त्यांचा एकुलता एक लेख तिनं त्यांच्याच समोर मातीत घातला होता, रिटायरमेंटच्या महिन्यात.

सरांनी खेळण्याच्या टोकाची ओली चिंधी बोटांत धरली.

"तेवीस आले ना?"

"हो सर."

"माझे एकवीस आले होते."

राखीला आधी कळलंच नाही.

"तुझं दुसरं वर्ष होतं," सर म्हणाले. "हे खेळणं तेव्हा लॅबमध्ये होतं, रविवारी मी एकटाच होतो. खांद्यावरचा दुपट्टा टोकाला टांगला होता, काढायला विसरलो आणि तारा सोडल्या. एकवीस. दुपट्टा काढून सोडल्या, अठ्ठावन्न. मग दुपट्टा घडी करून घरी नेला." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "लेख नुकताच छापून आला होता. म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग तुझी फेलोशिप, मग कॉलेजची तपासणी. चार वर्षं रोज तू दारात आलीस की मला वाटायचं, आज विचारेल. तू विचारलं नाहीस की जीव भांड्यात पडायचा, संध्याकाळपर्यंत. मग रात्रीपासून पुन्हा तेच."

तिला राग यायला हवा होता. चार वर्षं, तिची, तिच्या विशी-तिशीतली! तिनं राग शोधलाही. पण समोर उभ्या असलेल्या त्या सद्गृहस्थाची बोटं अजून चिंधी पिळत होती आणि राखीला त्यांच्याकडे पाहून नुसती भीती वाटत होती, कालच्यापेक्षा कितीतरी मोठी. कारण काल जेवण झाल्यावर तिनंही चिंध्या ओट्याखाली ढकलल्या होत्या. आणि आज 'हो' म्हणाली होती. आईनं हौसेनं त्या बांधून दिल्या नसत्या, बाबांनी चांगला सदरा घालून ऑटोत बसायचं ठरवलं नसतं, तर आत्ता तिच्या हातात पेढ्याचा डबा असता, आणि पुढची वीस वर्षं ती प्रत्येक दारात येणाऱ्या पोरीकडे याच डोळ्यांनी पाहत राहिली असती.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या घरी कोणाला माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

गेटकडून बाबांचा आवाज आला. "राखी! ऑटोवाला थांबून नाई राहिला वो, लवकर ये!"

राखीनं खेळण्याचं एक टोक उचललं. दुसरं टोक जमिनीवर घासू लागलं तेव्हा सरांनी वाकून ते धरलं. ऑटोपर्यंत दोघांनी ते मिळून नेलं. लक्ष्मणरावांनी सरांना पाहिलं, हात जोडले, आणि सरकून आपल्या बाजूला जागा केली.

"या सर. घरी चाला, जेवून जा," ते म्हणाले. "पोरीनं सकाळपासून काई खाल्लं नाई. तुमीही नाई खाल्लं असन."

वासुदेवराव सर ऑटोच्या दांडीला धरून उभे राहिले. त्यांनी आत पाय टाकला नाही, आणि हातही सोडला नाही.